बुद्धाला बोललेला एडका

मी एकदा बुद्धाला एडका बोलले होते. एडका म्हणजे मेंढरांतला नर. तो तुझ्यापुढं कापीन, इथंच शिजवीन आणि भाकरीबरोबर वाढीन, असं चांगलं पदर पसरून कबूल केलं होतं. हे वाचून ज्याला हसू येईल त्यानं खुशाल हसावं. माझी नातवंडं हसून हसून दमली, म्हणून तर आता कागदावर उतरवायला घेतलंय.

तो बुद्ध आहे हेच मला ठाऊक नव्हतं, एवढीच माझी बाजू. देवाचं नाव न विचारता, तो काय खातो आणि काय खात नाही याची चौकशी न करता त्याला नवस बोलणारी बाई तेव्हा सगळ्या परभणी जिल्ह्यात मी एकटीच असेन. पंगतीला बसतानासुद्धा माणूस आधी विचारतं, आज गोडाचं आहे का तिखटाचं. मी तेवढंही विचारलं नाही.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. खुरांच्या खुणा बघून मेंढरू कुठल्या कळपातलं ते मी सांगायची. तेव्हा देवाकडं बघून तो कुणाचा तेही मला सांगता येणार, यात मला काही शंका नव्हती.

निजामाचं राज्य जाऊन नऊ-दहा वर्षं झाली असतील. आमचं गाव झरीजवळ. दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन जिंतूरकडच्या डोंगरांना निघायचो. दिवसा उतारावर चारायचं आणि संध्याकाळी खाली कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवायची. दीड-दोनशे मेंढरं आठ दिवस एका रानात बसली की त्या रानाला दुसरं खत लागत नाही. त्याबद्दल शेतकरी ज्वारी द्यायचा. मेंढरांभोवती वाघर लावायची, म्हणजे सुतळीच्या जाळीचं कुंपण, आणि वाघरीशेजारी तीन दगडांची चूल. चार महिने तेच आमचं घर. घरात नवरा, सासरे, सासू, मी आणि माझी पोरगी. सासू ही माझ्या बापाची सख्खी बहीण, म्हणून मी तिला आत्याच म्हणायची. सख्खी असल्यामुळं मला बोलताना ती काही हातचं राखत नसे.

त्या हिवाळ्यात पोरीला डांग्या खोकला लागला. जेमतेम आठ-नऊ महिन्यांचं लेकरू. उबळ आली की डोळे पांढरे करायची, ओठ निळे पडायचे, आणि श्वास परत येईपर्यंत माझा श्वास अडकायचा. अडुळशाचा रस झाला, मध झाला, कुणी सांगितलं म्हणून कुंभाराकडून गाढविणीचं दूध आणून पाजलं. खोकला हटेना. एका संध्याकाळी तिची उबळ थांबायचं नावच घेईना. आत्यानं तिला पालथी धरून पाठ चोळायला घेतली आणि मी वाघरीबाहेर येऊन वर डोंगराकडं बघितलं.

वर कड्यात एक जुनं कोरीव लेणं होतं. आत एक भलामोठा देव मांडी घालून बसलेला. गुराख्यांनी वर्षानुवर्षं शेंदूर चोपडून तो लालभडक केला होता. लोक त्याला नुसतं बसका देव म्हणायचे. मेंढरांमागं फिरताना मी त्याला दोन-तीनदा लांबून बघितलं होतं आणि माझ्या शहाणपणानं ठरवून टाकलं होतं, की हा आमचाच, धनगरांचा देव. कशावरून? तर त्याच्या डोक्यावरून. शेंदराच्या थरातूनसुद्धा दिसायचं, सगळ्या डोक्यावर बारीक बारीक वळ्या, दोन महिन्यांच्या कोकराच्या लोकरीसारख्या. असले केस धनगराच्या देवाचे नसतील तर कुणाचे? आणि धनगराचा देव म्हटल्यावर तो मटण खाणारच.

तर मी पदर पसरला आणि मोठ्यानं म्हणाले, "बसक्या देवा, माझी लेक उठव. आमची काळी मेंढी गाभण हाय. तिला नर झाला तर तो तुझा. पुढल्या वर्षी तुझ्यापुढं आणून कापीन. न्हाई आणला तर लेक तुझी."

हे शेवटचं वाक्य बोलायला मला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. ते आपोआप तोंडातून गेलं. वाघरीच्या आतून आत्यानं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, "भवाने, नवस बोलायलीस का पोरीचा सौदा करायलीस?"

दहा-बारा दिवसांत खोकला उतरला. काळी मेंढी व्याली, तिला नरच झाला, आणि तिसऱ्या दिवशी मेंढी मेली. आता ते कोकरू कोण वाढवणार? अर्थातच मी. शेळीच्या दुधात कापडाचा बोळा भिजवायचा आणि त्याच्या तोंडात धरायचा. दिवसातून सहा वेळा. एका मांडीवर लेक, दुसऱ्या मांडीवर कोकरू. लेकीनं पहिला शब्द 'आई' म्हटला नाही, 'बेंऽ' म्हटला. कोकरू मोठं झालं तसं माझ्या मागं मागं फिरायला लागलं. मी पाण्याला निघाले की पाण्याला, सरपणाला निघाले की सरपणाला. लेक झोपली की तिच्या उशाशी बसून रवंथ करायचं. ज्याला कापायचं त्याला कुणी असं वाढवतं का? पण मी वाढवलं. आणि वर्षभर रोज मनातल्या मनात रडले.

वर्ष फिरलं, आम्ही पुन्हा त्याच डोंगराखाली आलो. आत्या म्हणाली, "नवस फेडायचा कवा?"

मी म्हणाले, "अजून लहान हाय त्यो. शिंगं तरी येऊ द्या."

शिंगं येऊन दोन महिने झाले होते. आठ दिवसांनी पुन्हा तिनं काढलं. मी म्हणाले, जरा भरू द्या अंगानं.

"कामून? शिंगाला फुलं यायची वाट बघायलीस का? तोंडानं काय बोललीस ते ध्यानात हाय ना? मला एकच नात हाय."

मला तरी कुठं दोन लेकी होत्या, एकच होती. न्यायचं ठरलं.

आमच्यात अशा नवसाची एक रीत आहे. जिथं बोललं तिथंच कापायचं, तिथंच शिजवायचं, तिथंच संपवायचं. एक तुकडाही खाली आणायचा नाही. आदल्या दिवशी बायका मसाला आणि पीठ घेऊन वर जातात, रात्री मुक्काम करतात, आणि सकाळी पुरुषमाणसं मुलाण्याला घेऊन येतात, कारण कापायचं काम मुलाण्याचं. त्याप्रमाणं संक्रांतीनंतर एका दुपारी आम्ही निघालो. आत्याच्या डोक्यावर पाटी, माझ्या कडेवर लेक, आणि एडका सगळ्यांच्या पुढं. दोरी लावायची गरजच नव्हती. उड्या मारत चालला होता. आत्या म्हणाली, "बघ कसा निघालाय, जसा काय सासुरवाडीला." मी तोंड फिरवून चालत राहिले.

वर पोचलो आणि दोघीही जागच्या जागी थांबलो. देव होता, पण शेंदूर नव्हता. काळ्या दगडाचा, स्वच्छ धुतलेला, डोळे अर्धे मिटलेले. पुढं झेंडूची फुलं मांडलेली. लेण्याचं अंगण सारवलेलं. बाहेर चुलीपाशी एक म्हातारी तुरीची डाळ निवडत होती, आणि डोकं गुळगुळीत केलेला, पिवळ्या कपड्यातला एक माणूस अंगण झाडत होता.

आत्यानं पाटीसुद्धा खाली ठेवली नाही. "शेंदूर कुठं गेला?"

"धुतला, आई," तो माणूस म्हणाला. बोलणं आमच्यापेक्षा वेगळं, पुस्तकातल्यासारखं. "पंधरा दिवस लागले. फार जुना होता."

"कुणी सांगितलं धुवायला?"

"आत कोण आहे ते बघायचं होतं."

"मग? कोण निघालं?"

"भगवान बुद्ध."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं. मी आपलं धीर करून विचारलं, "म्हंजे धनगरातलेच ना?"

म्हातारीनं डाळीच्या सुपात तोंड लपवलं. तो माणूस मात्र हसला नाही. म्हणाला, "नाही, ताई. राजाच्या घरचे होते."

"मग केस कामून मेंढरासारखे हायत?"

त्यानं झाडणं थांबवलं, वळून मूर्तीकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "आहेत खरे तसे."

त्याला सगळे भंते म्हणायचे, हे आम्हाला मग म्हातारीनं सांगितलं. खालच्या गावाच्या कडेला जी वस्ती होती, ती सगळीच्या सगळी वर्षभरापूर्वी बौद्ध झाली होती. म्हातारी त्याच वस्तीतली. त्यांनीच लेणं साफ केलं, त्यांनीच भंतेंना बोलावून आणलं, आणि आता ती स्वतः वर राहून झाडलोट आणि सैपाक बघत होती.

"हे बगा बुवा," आत्या म्हणाली, "देव कुणाचा का असंना. आमचा नवस हाय. हा एडका देवाचा हाय. उद्या सकाळी कापायचाय."

भंतेंनी झाडू भिंतीला टेकवला. "इथं नाही कापत, आई."

"पण देवाला कबूल केलाय!"

"त्यांना नको असतो."

आता गंमत बघा. वर्षभर मी या एडक्याच्या जिवासाठी रडत होते. कुणीतरी 'कापू नका' म्हणावं म्हणून तळमळत होते. आणि कुणीतरी तसं म्हणालं तेव्हा मीच कंबरेला पदर खोचून भांडायला उभी राहिले. "नको असतो म्हंजे? माझी लेक बरी केली तवा नको होता का? आता घेतलाच पायजे!" मी रडत होते, ओरडत होते, आणि एडक्याला कवटाळून बसले होते. कापा म्हणत होते आणि सोडत नव्हते. भंते बिचाऱ्यांना काय माहीत माझं तोंड काय बोलून बसलंय. मी शेवटी सांगितलं, "एडका न्हाई दिला तर लेक तुझी, असं बोललेय मी ह्यांना."

हे ऐकून म्हातारीही सूप ठेवून उठली. तेवढ्यात एडका माझ्या हातातून निसटला, आत गेला, आणि मूर्तीपुढची झेंडूची फुलं एकेक करून खायला लागला.

आत्या म्हणाली, "घ्या. देवानं ह्याला खायच्या आधी ह्यानंच देवाचं खाल्लं."

म्हातारी मोठ्यानं हसली, भंतेही हसले, आणि भांडण तिथं मोडलं.

म्हातारीनं पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं धरला. चढण चढून आणि भांडून घसा सुकला होता. पण मी हात पुढं केला नाही. हे लिहायला मला लाज वाटते, पण खोटं लिहायला त्याहून जास्त वाटेल. गेल्या वर्षीपर्यंत ती वस्तीतली माणसं आमच्या चुलीपासून दहा पावलं लांब उभी राहायची, आणि मला ते सकाळी सूर्य उगवण्याइतकं साधं वाटायचं. म्हातारीनं माझा हात बघितला. तांब्या दगडावर ठेवला आणि म्हणाली, "तिकडं टाकं हाय. आपल्या हातानं जाऊन पी. फक्त टाकं रोज मीच उपसते, एवढं सांगून ठेवते बाई."

मी टाक्याकडं नुसती बघत राहिले. आत्याही पाटीवरचं फडकं उगाच नीट करत बसली. तेवढ्यात माझ्या कडेवरून घसरून लेक खाली उतरली, तिनं दोन्ही हातांनी तो तांब्या धरला आणि गटागटा प्यायला लागली. अर्धं पोटात, अर्धं अंगावर.

आत्या म्हणाली, "झालं. आपल्या घरात शहाणी तेवढी एकच दिसायलीय." आणि तिनं लेकीच्या हातातून तांब्या घेऊन स्वतः तोंडाला लावला. उरलेलं मला दिलं. पाणी इतकं गार होतं की दात ठणकले. मी आणखी एक तांब्या मागून घेतला.

सूर्य कड्यामागं गेला होता. त्या रानात लांडगे होते, लेकरू आणि मेंढरू घेऊन खाली उतरण्यात अर्थ नव्हता. भंते म्हणाले, राहा, जागा भरपूर आहे. आत्यानं पाटी सोडली. पाटीत ज्वारीचं पीठ होतं, कांदे होते, खोबरं होतं, भाजून कुटलेला काळा मसाला होता, मटण सोडून मटणाचं सगळं होतं. म्हातारीच्या चुलीवर डाळ शिजत होती. आत्यानं तिच्याकडं बघितलं, तिनं आत्याकडं, आणि पुढं दोघींनी मिळून त्या डाळीत अख्खा एडक्याचा मसाला घातला. मी भाकरी थापल्या. तसली डाळ मी नंतर कधी खाल्ली नाही. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि हात काही थांबत नव्हता.

आत्यानं भंतेंसाठी ताट वाढलं, तर ते म्हणाले, दुपारनंतर मी खात नाही.

"देव खात न्हाई, बुवा खात न्हाई," आत्या म्हणाली. "मग ही चूल कुणासाठी मांडलीय म्हणायची?"

"माझ्यासाठी," म्हातारी म्हणाली. "मी लय खाते."

जेवणं झाल्यावर भंते मूर्तीपुढं बसून काही म्हणाले. शब्द कळले नाहीत, पण म्हणण्याला एक ठाय लय होती, दळताना धरतो तशी. म्हातारी हात जोडून त्यांच्यामागून म्हणत होती. लेक माझ्या मांडीवर झोपली, एडका माझ्या पाठीला टेकून बसला. मला आतून एवढं निवांत वाटायला लागलं की मी स्वतःवरच रागावले. उद्याचं काय, हे ठरलेलं नसताना असं बरं वाटतंच कसं? पण वाटत होतं.

भंते उठले तसं आत्यानं त्यांना गाठलं. "बुवा, एक विचारू का? नवस फेडला न्हाई तर तुमचा देव काय करतो?"

"काही नाही करत."

"रागावत न्हाई?"

"नाही."

"कवाच न्हाई?"

"कधीच नाही, आई."

"मग लोक त्याला भेत कामून न्हाईत?"

"भ्यायचं नाहीच."

आत्यानं तपकिरीची चिमूट काढली, ओढली नाही, तशीच बोटांत धरून बसली. असा देव तिनं कधी बघितला नव्हता. आमचे देव चांगले, पण रागीट. त्यांच्याशी वागायचं म्हणजे सासऱ्याशी वागायचं तसं, पदर सावरून. चिमूट परत डबीत टाकून ती म्हणाली, "मग असं करू. तुमी न्हाई म्हणता, पोरगी हो म्हणती. देवालाच विचारू. सकाळी पाणी टाकून बघू."

हे पाणी टाकणं काय असतं ते सांगते. कापायच्या आधी जनावराला देवापुढं उभं करून त्याच्या कानामागं आणि पाठीवर पाणी टाकतात. त्यानं अंग झाडलं, की देवानं घेतलं. तीनदा टाकूनही झाडलं नाही, तर देवानं परत दिलं, मग त्याला कुणी हात लावायचा नाही आणि नवसही फिटला. आत्या म्हणाली, देवानं घेतला तर इथं न्हाई, खाली ओढ्याकाठी नेऊन कापू, म्हणजे तुमचंही मन राहील. भंते म्हणाले, "पाणी टाकायला हरकत नाही."

मी मात्र एडक्याला जवळ ओढलं. कारण देवानं परत दिलेलं मेंढरू मी जन्मात बघितलं नव्हतं. हिवाळ्यात गार पाणी अंगावर पडलं की मेंढरू झाडणारच. आणि त्या टाक्यातलं पाणी मी आताच प्याले होते.

लेण्यात दगडात कोरलेले ओटे होते, एका बाजूला दगडाचीच उशी. जुन्या काळी तिथं बुवा लोक झोपायचे म्हणे. मी त्या दगडी उशीवर डोकं टेकून विचार करत पडले, आणि तेव्हा मला एक लबाडी सुचली. मेंढरं राखणाऱ्या कुणालाही माहीत असतं, मेंढराच्या खांद्यामागं, मानेच्या बुडाशी कातडी मुठीत घट्ट धरली, की त्याला अंग झाडता येत नाही. लोकर कातरताना आम्ही तसंच धरतो. उद्या एडक्याला मीच धरणार होते. ठरलं. देवालाही फसवीन आणि आत्यालाही. एवढं ठरवून मी अशी गाढ झोपले की उजाडल्यावर म्हातारीनं हलवून उठवलं.

बाहेर धुकं होतं. आत्या कधीच उठून म्हातारीबरोबर चुलीपाशी बसली होती. मी तोंड धुवून एडक्याला मूर्तीपुढं उभं केलं. आत्या पदराखाली तांब्या धरून आली. भंते एका बाजूला उभे राहिले. मी खाली बसले, एडक्याच्या गळ्यात एक हात घातला आणि दुसऱ्या हातानं खांद्यामागची कातडी मुठीत धरली. लोकरीत माझी मूठ दिसत नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

आत्या म्हणाली, "देवा, तुझं तुला आणलंय. घ्यायचं असंल तर घे." आणि पहिलं पाणी टाकलं.

एडका हलला नाही.

दुसऱ्यांदा टाकलं. त्यानं नुसता कान हलवला. मी मूठ आणखी आवळली. माझ्या दंडात गोळे आले.

तिसरं पाणी पडलं. एडक्यानं मान वळवून माझा गाल चाटला.

"न्हाई घेत देव," आत्या म्हणाली. म्हातारीला त्याच वेळी ठसका लागला आणि ती तोंडाला पदर लावून चुलीकडं पळाली. मी एडक्याच्या मानेत तोंड खुपसलं, हसू कुणाला दिसू नये म्हणून.

एवढ्यात सासरे आणि मुलाणी धापा टाकत वर आले; नवरा खाली मेंढरांपाशी राहिला होता. आत्यानं सगळं सांगितलं. सासऱ्यांना पटेना. म्हणाले, "असं कुठं झालंय का? माझ्यापुढं पुन्हा टाक. टाक्यातून तांब्या भरून आण."

मी एडक्याला पुन्हा कवटाळलं. पण आत्या उभीच राहिली. "देवाला चौथ्यांदा विचारायचं? मला बघायला आलता तवा माझ्या बापानं एकदा हो म्हणलं, त्यावर तुमी चार गावं दवंडी पिटली. देवाच्या न्हाई म्हणण्याला मातर चारदा विचारायचं!"

मुलाणी शांत माणूस होता. सुरी फडक्यात गुंडाळत म्हणाला, "जाऊ द्या चाचा. जनावराचं नशीब हाय. देव न्हाई म्हणतो तर आपली जबरदस्ती कामून?" म्हातारीनं दोघांनाही डाळ-भाकरी वाढली. मुलाण्यानं लगेच हात धुतले. सासरे थोडा वेळ ताटाकडं बघत बसले, मग मसाल्याचा वास त्यांना सोसवेना आणि तेही जेवले. दुसऱ्यांदा डाळ मागून घेतली.

निघताना मी भंतेंना एकटं गाठून हळूच विचारलं, "मग लेक?"

लेक मूर्तीच्या मांडीला धरून उभी होती आणि दगडाच्या बोटांत बोट घालून बघत होती. भंते तिच्याकडं बघून म्हणाले, "त्यांनी मागितली कुठं होती, ताई?"

तो एडका पुढं आठ वर्षं कळपात राहिला आणि कळपाला त्याच्यासारखी कितीतरी कोकरं देऊन म्हातारा होऊन मेला. लेकीला आता नातू आहे. हे आज मला माहीत आहे. त्या सकाळी काहीच माहीत नव्हतं, आणि अर्धा डोंगर उतरेपर्यंत माझं हसू पार जिरून गेलं होतं. कारण डोक्यात एकच फिरायला लागलं. देवानं एडका परत दिलाच नव्हता. त्यानं घेतला असता, मी झाडू दिलं नाही. म्हणजे नवस काही फिटला नाही, वर फसवणूक झाली, आणि 'लेक तुझी' हे बोलणं तसंच राहिलं. पुरुष पुढं निघून गेले होते. मी वाटेतच एका दगडावर बसले, लेकीला छातीशी धरलं आणि रडत रडत आत्याला सगळं सांगून टाकलं. कातडी कुठं धरली, किती आवळली, सगळं. आत्या पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली:

"ऊठ येडे, रडू नको. चाळीस वर्षं मेंढरं राखली मी, मूठ कुठं धरलीस ते दिसत न्हवतं का मला? गार पाणी पडलं असतं तर तुझ्या बापाच्यानं त्यो आवरला नसता. मी चुलीवरचं कोमट पाणी आणलं होतं. आणि देवाला रातीच सांगून ठेवलंय, रागवायचंच असंल तर माझ्यावर रागव, पोरीला यातलं काय बी ठाव न्हाई."